सायबेरियन क्रौंच

सायबेरियन क्रौंच : (हिं. करेखर). ग्रुइडी या पक्षिकुलातील एक मोठा, पांढराशुभ्र व दूरवर स्थलांतर करणारा पक्षी. याचे शास्त्रीय नाव ल्यूकोजेरॅनस ल्यूकोजेरॅनस असे असून पूर्वी त्याचा समावेश ग्रुस या प्रजातीत केला जात असे. ‘ल्यूकोजेरॅनस’ हे नाव ‘पांढरा’ व ‘क्रौंच’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेले आहे. हा पक्षी उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपासच्या दलदलीत वीण करतो व हिवाळा दक्षिणेकडे हजारो किमी. अंतरावरील उथळ पाणवठ्यांत घालवतो. विसाव्या शतकात त्याच्या तीन समूहांपैकी दोन जवळजवळ नाहीसे झाले. त्यांतील एक समूह शतकानुशतके भारतात येत असे. २००२ नंतर त्याचे भारतात येणे थांबले आहे. एखाद्या स्थलांतरी जातीचे भवितव्य तिच्या मार्गावरील प्रत्येक देशाच्या वर्तनावर कसे अवलंबून असते, हे या पक्ष्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

वर्णन व सवयी : पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याची उंची सु. १४० सेंमी. व वजन ५ ते ८·५ किग्रॅ. असते. पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरांहून अधिक भरते. सर्व पिसारा पांढरा असून पंखांची टोकाकडील मोठी पिसे तेवढी काळी असतात. पक्षी उभा असताना ही काळी पिसे झाकली जातात, त्यामुळे तो पूर्णपणे पांढरा दिसतो; मात्र तो उडू लागला की काळी टोके ठळकपणे दिसतात. कपाळ, चेहरा व डोक्याची बाजू यांवर पिसे नसतात आणि तेथील त्वचा विटकरी तांबडी असते. डोळे पिवळे व पाय तांबूस असतात. नर व मादी दिसावयास सारखीच असतात. मादी आकाराने किंचित लहान असते. पिलांचा रंग दालचिनीसारखा तांबूस तपकिरी असतो व तो क्रमाक्रमाने जाऊन पांढरा रंग येतो.

इतर बहुतेक क्रौंचांची श्वासनलिका उरोस्थीत शिरून वेटोळी झालेली असते व त्यामुळे त्यांचा आवाज दूरवर घुमतो. सायबेरियन क्रौंचात असे वेटोळे नसते. त्याचा आवाज त्यामुळे मृदू, उंच पट्टीचा व बासरीसारखा असतो. क्रौंचांच्या सर्व जातींत पाण्यावर सर्वांत अधिक अवलंबून असणारी जात हीच होय. तिची चोच लांब व कडेला दातेरी असते. उथळ पाण्यात उभा राहून, डोके बुडवून, चिखल उकरून वनस्पतींचे कंद व मुळे काढणे ही या पक्ष्याची अन्न मिळविण्याची मुख्य पद्धत आहे. विणीच्या प्रदेशात तो कीटक, मासे, लहान उंदीरवर्गीय प्राणी व बोरांसारखी फळेही खातो. हिवाळ्यात मात्र त्याचे अन्न बहुतांशी वनस्पतिजन्य असते. अन्नाची ही ठराविक गरज त्याच्या संकटाचे एक मूळ कारण ठरली आहे. कारण ज्या खोलीच्या पाण्यात हे कंद वाढतात व ज्या खोलीपर्यंत पक्ष्याची चोच पोहोचते असे पाणी थोड्याच ठिकाणी मिळते व तेथेही ते थोडेच दिवस टिकते.

मे महिन्याच्या अखेरीस, बर्फ वितळू लागताच, जोडी दलदलीतील उंचवट्यावर गवत व लव्हाळ्याचे घरटे करते. मादी बहुधा दोन अंडी घालते व ती सु. २९ दिवसांत उबतात. दोन्ही पिले जन्मली तरी सामान्यतः एकच जगते. ते सु. अडीच महिन्यांत उडू लागते व सप्टेंबरात आईबापांबरोबर दक्षिणेकडे निघते. वयात येण्यास या पक्ष्याला पाच ते सात वर्षे लागतात. एकदा जमलेली जोडी बहुधा दीर्घकाळ टिकते. आयुष्य मोठे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका केंद्रात पाळलेला ‘वुल्फ’ नावाचा नर १९८८ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याचे वय सु. ८३ वर्षे होते असे मानले जाते. पिलांची संख्या अल्प व आयुष्य दीर्घ अशा जातीत प्रौढ पक्ष्यांचा मृत्यू लवकर भरून निघत नाही. वर्षाकाठी काही मोजके प्रौढ पक्षी अधिक मारले गेले, तरी समूह हळूहळू क्षीण होत जातो.

प्राचीन प्रसार व पहिल्या नोंदी : शास्त्रीय वाङ्‌मयात या पक्ष्याचे पहिले वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पेटर झीमोन पालास यांनी १७७३ मध्ये केले. रशियाच्या विज्ञान अकादमीच्या वतीने ते त्या वेळी सायबीरियाच्या संशोधन-प्रवासावर होते. तथापि भारतात याचे चित्र त्यापूर्वी सु. दीड शतक रेखाटले गेले होते. जहांगीर बादशाहाच्या पदरी असलेला उस्ताद मन्सूर हा पशुपक्ष्यांची यथातथ्य चित्रे काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याने काढलेले सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकाता येथील भारतीय संग्रहालयात आहे. पक्ष्याच्या तांबड्या चेहऱ्याचे व शुभ्र पिसाऱ्याचे या चित्रातील रेखाटन इतके अचूक आहे की, जात ओळखण्यास शंका उरत नाही. सतराव्या शतकात हा पक्षी उत्तर हिंदुस्थानात येत होता, याचा तो पुरावाच होय.

एकोणिसाव्या शतकातील नोंदींवरून याचा भारतातील प्रसार बराच विस्तृत असल्याचे दिसते. गुजरात, दिल्लीचा परिसर, गंगा-यमुनेचा सखल प्रदेश व पूर्वेस बिहारपर्यंतची सरोवरे येथून त्याच्या नोंदी आहेत. इटावा येथे जिल्हाधिकारी म्हणून काम केलेले व पुढे १८८५ मध्ये इंडियन नॅशनल काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्षिशास्त्राचेही गाढे अभ्यासक होते. त्यांनी १८६८ मध्ये या पक्ष्यावर विस्तृत टिपण प्रसिद्ध केले. आईबाप व एकच पिलू अशा लहान कुटुंबांनी हे पक्षी पाणथळ जागी राहतात आणि भारतात ते वनस्पतिजन्य अन्नच खातात, ही त्यांची निरीक्षणे पुढे शंभर वर्षांनी झालेल्या अभ्यासांतही खरी ठरली. महाराष्ट्रात हिवाळी पाहुणा म्हणून परिचित असलेला करकोचा व गोंदिया भागातील धानशेतीच्या आश्रयाने राहणारा सारस हे याच कुलातील पक्षी होत. परंतु ते शेतातील धान्यावर व गवताळ रानांतील अन्नावरही राहू शकतात. सायबेरियन क्रौंचाला ती लवचिकता फारशी नसल्याने गंगेच्या खोऱ्यातील दलदली लागवडीखाली येऊ लागल्या, तसतसा त्याचा प्रसारही आकुंचित होत गेला.

तीन समूह : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जातीचे तीन समूह ओळखले जाऊ लागले. (१) पूर्व समूह : हा ईशान्य सायबीरियातील याकूतियामध्ये याना, इंडिगिर्का व कोलिमा या नद्यांच्या दरम्यानच्या टंड्रा प्रदेशात वीण करतो व चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात हिवाळा घालवतो. (२) मध्य समूह : हा पश्चिम सायबीरियात ओब नदीच्या खोऱ्यात, विशेषतः कुनोवात या उपनदीच्या परिसरात, वीण करीत असे. कझाकस्तान, मध्य आशियातील मैदाने, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून तो राजस्थानातील भरतपूर येथे येत असे. (३) पश्चिम समूह : हा पश्चिम सायबीरियातच, परंतु काहीसा दक्षिणेकडे, वीण करीत असे. व्होल्गा नदीच्या त्रिभुज प्रदेशावरून तो इराणच्या कास्पियन किनाऱ्यावरील फेरेदूनकेनार येथे जाई. मार्गाची एकूण लांबी प्रत्येक बाबतीत काही हजार किमी. भरते, पूर्व व मध्य समूहांचा प्रवास सु. ५,००० किमी. किंवा त्याहून अधिक होतो.

या समूहांची माहिती एकाच वेळी झाली नाही. १९७८ पर्यंत इराणमधील समूह नष्ट झाला असावा असे समजले जात होते. त्या वर्षी तेथे सु. दहा-बारा पक्षी पुन्हा आढळले. मध्य समूहाची कुनोवातची वीणभूमी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी सापडली. १९८०–८१ च्या हिवाळ्यात चिनी शास्त्रज्ञांना जिआंगशी प्रांतातील पोयांग सरोवरावर सु. शंभर पक्षी आढळले. ही घटना फार महत्त्वाची ठरली. तोपर्यंत साऱ्या जगात या जातीचे केवळ काही शे पक्षी उरले असावेत असा अंदाज होता. पोयांग येथील पुढील मोजणींत ही संख्या वाढत जाऊन १९८० नंतरच्या दशकातच हजारावर गेली. ही वाढ मुख्यतः मोजणी अधिक व्यापक झाल्याची द्योतक होती, तरी जात वाचविता येईल ही आशा तिच्यामुळे प्रथमच निर्माण झाली.

भरतपूर : भरतपूरजवळील केवलादेव घना हे पक्षितीर्थ निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात बांधलेल्या अजान बांधामुळे सखल भूमीत पाणी साठू लागले. पुढे भरतपूर संस्थानाने तेथे बंधारे व दरवाजे बांधून बदकांच्या शिकारीसाठी राखीव क्षेत्र तयार केले. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. ही नोंद त्या स्थळी कोरलेल्या शिलाफलकावर आहे. शिकारीसाठी राखलेले हे पाणी योगायोगाने सायबेरियन क्रौंचाला मानवले. ठिकठिकाणच्या दलदली आटत असता येथे मात्र उथळ पाणी, मोथा व लव्हाळा यांसारख्या वनस्पतींचे कंद व शांतता ही तिन्ही उपलब्ध होती.

१९५६ मध्ये हे क्षेत्र पक्षी अभयारण्य झाले. संस्थानिकांचे शिकारीचे हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकून होते. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या सुमारास येथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यास प्रारंभ केला. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने सायबेरियन क्रौंचाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. १९८१ मध्ये केवलादेव रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदले गेले. १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा व १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्रफळ सु. २९ चौ. किमी. आहे. १९८३ मध्ये क्रौंच पक्ष्यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषदही भरतपूर येथेच भरली होती.

संरक्षण असे उत्तरोत्तर दृढ होत असताना पक्ष्यांची संख्या मात्र घटत गेली. १९६४–६५ च्या हिवाळ्यात भरतपूर येथे सु. २०० सायबेरियन क्रौंच होते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते सु. ४० उरले. १९९२–९३ मध्ये केवळ पाच पक्षी आले. त्यानंतरचे दोन हिवाळे एकही पक्षी आला नाही. १९९६ मध्ये चार पक्षी पुन्हा दिसले, तेव्हा सर्वत्र आनंद व्यक्त झाला. परंतु तो टिकला नाही. २००१–०२ च्या हिवाळ्यात आलेली एक जोडी ही भरतपूरने पाहिलेली शेवटची जोडी ठरली.

चराईबंदीचा प्रश्न : भरतपूरच्या इतिहासातील एक प्रकरण येथे सविस्तर नोंदविणे आवश्यक आहे. परिसरातील खेड्यांतील म्हशी व गाई पिढ्यान् पिढ्या या पाणथळ भागात चरत असत. गुरांमुळे पक्ष्यांच्या अन्नाचा नाश होतो, असे बहुसंख्य तज्ज्ञांचे व प्रशासनाचे मत होते. राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यानंतर नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईवर पूर्ण बंदी घालण्यात आली. पर्यायी कुरणाची पुरेशी व्यवस्था झालेली नव्हती. ग्रामस्थ व पोलीस यांच्यात संघर्ष होऊन गोळीबार झाला व त्यात काही ग्रामस्थ मृत्यू पावले.

१९८० ते १९९० या काळात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या क्षेत्राचा दहा वर्षांचा परिसरवैज्ञानिक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध निघाले. म्हशींचे चरणे थांबताच पास्पालम डिस्टिकम हे गवत उथळ पाण्यात बेसुमार माजले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले, इतर पाणवनस्पतींची वाढ रोखली आणि माशांना व पक्ष्यांना मोकळी जागा उरली नाही. कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचाचे खाद्यक्षेत्रही त्यामुळे आक्रसले. चराई ही या मानवनिर्मित पाणथळ परिसंस्थेची एक घटक होती व म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या, असे आढळून आले. मर्यादित प्रमाणात चराईला परवानगी असावी, असे मत या अभ्यासातून पुढे आले. निसर्गसंरक्षणाच्या भारतीय इतिहासात या घटनेला विशेष महत्त्व आहे. स्थानिक लोकांचा व्यवहार नीट न अभ्यासता केलेल्या उपायात मनुष्यहानी झाली आणि ज्या पक्ष्यांसाठी तो योजला त्यांचेही हित साधले नाही. तथापि क्रौंचांचा ऱ्हास केवळ यामुळे झाला, असे म्हणता येत नाही. १९६५ ते १९८२ या काळात, म्हणजे चराई चालू असतानाच, त्यांची संख्या बरीच घटली होती. कारणांचा शोध त्यामुळे भरतपूरच्या बाहेरच घ्यावा लागतो.

मार्गावरील संकटे : हा पक्षी वर्षातील निम्म्याहून अधिक काळ भारताबाहेर असे आणि त्याच्यावरील मोठी संकटे त्याच काळात येत. पाकिस्तानच्या वायव्य भागातील, विशेषतः कुर्रम नदीच्या खोऱ्यातील, लोकांत क्रौंच पकडण्याची जुनी परंपरा आहे. रात्री पाळीव क्रौंचांना ओरडावयास लावून वरून जाणाऱ्या थव्यांना खाली उतरविले जाते व वजन बांधलेली दोरी हवेत भिरकावून उतरणारा पक्षी अडकविला जातो. ही शिकार मुख्यतः करकोचा व सामान्य क्रौंच या विपुल जातींची होते; परंतु अंधारात जातिभेद पाहिला जात नाही. थव्यांत मिसळलेल्या दुर्मिळ सायबेरियन क्रौंचालाही तो धोका होता. बंदुकांचा वापर वाढल्यावर धोका अधिकच वाढला.

अफगाणिस्तानातील गझनीच्या दक्षिणेस असलेले आब-इ-इस्तादा हे उथळ, खाऱ्या पाण्याचे सरोवर मध्य समूहाच्या विश्रांतीचे महत्त्वाचे ठिकाण होते. १९७७ मध्ये ते पक्ष्यांसाठी संरक्षित म्हणून जाहीर झाले. १९७९ मध्ये त्या देशात युद्ध सुरू झाले व नंतरच्या दशकांत तेथे संरक्षणाची कोणतीही व्यवस्था राहिली नाही. शस्त्रे सर्वत्र पसरली आणि शतकाच्या अखेरच्या दीर्घ अवर्षणात सरोवर कोरडे पडले. मध्य आशियात सिंचनासाठी नद्यांचे पाणी वळविल्यामुळे विसाव्याच्या इतर जागाही बाधित झाल्या. विणीच्या प्रदेशात पश्चिम सायबीरियातील खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या उद्योगाने पूर्वी निर्जन असलेल्या दलदलींत माणसांचा वावर वाढविला. यांपैकी कोणते कारण निर्णायक ठरले हे वेगळे काढता येत नाही. सावकाश वाढणाऱ्या लहान समूहाला ही सर्व संकटे मिळून सोसवली नाहीत, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

पश्चिम समूहाची कथा याहून वेगळी नाही. फेरेदूनकेनार येथे झाडांनी वेढलेली उथळ तळी राखून जाळ्यांनी बदके पकडण्याची स्थानिक पद्धत आहे. बदके बिथरू नयेत म्हणून या तळ्यांवर बंदूक चालवू दिली जात नाही. या जागरूकतेमुळेच तेथील थोडे क्रौंच दीर्घकाळ वाचले. परंतु तळ्यांबाहेर व प्रवासात शिकार होतच राहिली आणि समूह घटत गेला. २००७ नंतरच्या बहुतेक हिवाळ्यांत तेथे एकच नर येत राहिला. स्थानिक लोकांनी त्याला ‘ओमीद’ म्हणजे आशा असे नाव दिले. २०२३ च्या आरंभी बेल्जियममधील केंद्रात वाढविलेली ‘रोया’ (अर्थ : स्वप्न) ही मादी त्याच्याजवळ सोडण्यात आली.

संरक्षणाचे प्रयत्न : जॉर्ज आर्चिबाल्ड व रॉन सॉवे या तरुण अमेरिकास्थित संशोधकांनी १९७३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील बाराबू येथे इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. सॉवे यांनी भरतपूर येथे या पक्ष्याच्या हिवाळी जीवनाचा दीर्घ अभ्यास केला. शीतयुद्धाच्या त्या काळात सोव्हिएट पक्षिशास्त्रज्ञ व्ल्यादिमिर फ्लिंट यांच्या सहकार्याने याकूतियातील घरट्यांतून अंडी गोळा करून ती १९७७ व १९७८ मध्ये विमानाने बाराबूला नेण्यात आली. घरट्यातील दोन अंड्यांपैकी एक उचलल्याने वन्य समूहाची विशेष हानी होत नाही, कारण एरवीही एकच पिलू जगते. सोव्हिएट संघानेही मॉस्कोच्या आग्नेयीस असलेल्या ओका अभयारण्यात क्रौंच-प्रजनन केंद्र उभारले. १९८१ मध्ये बाराबू येथे बंदिस्त अवस्थेत या जातीची पिले प्रथमच जन्मली. जात सर्वस्वी नष्ट होण्याचे भय अशा रीतीने काहीसे टळले.

यापुढील पायरी मात्र कठीण निघाली. सामान्य क्रौंचाच्या घरट्यात सायबेरियन क्रौंचाची अंडी ठेवणे, केंद्रात वाढविलेली पिले कुनोवात, भरतपूर व इराण येथे वन्य पक्ष्यांजवळ सोडणे, असे प्रयोग करण्यात आले. भरतपूर येथे सोडलेले पक्षी तेथील पाण्यात चरू लागले. पण वसंत ऋतूत ते उत्तरेकडे गेले नाहीत. क्रौंचाच्या पिलाला स्थलांतराची ओढ जन्मतः असली, तरी मार्ग त्याला आईबापांच्या सोबतीने पहिल्या प्रवासात शिकावा लागतो. हजारो किमी.च्या वाटेवर कोठे उतरावे, कोठे पाणी आहे, कोणती खिंड ओलांडावी, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते. वाट जाणणारे अखेरचे पक्षी नाहीसे झाले की, नवे पक्षी कितीही वाढविले तरी ती वाट परत मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी हलक्या विमानांच्या मागून पिलांना उडविण्याचे प्रयत्न रशियात झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये रशियाचे अध्यक्ष व्ल्यादिमिर पुतिन यांनी अशा एका उड्डाणात भाग घेतल्याने त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. परंतु त्यांतून स्थलांतर करणारा नवा समूह उभा राहिला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर स्थलांतरी प्राण्यांच्या संरक्षणाच्या कराराखाली १९९३ मध्ये या पक्ष्याविषयी स्वतंत्र समझोता झाला व त्यात पक्ष्याच्या मार्गावरील देश क्रमाने सहभागी झाले. २००३ ते २००९ या काळात चीन, इराण, कझाकस्तान व रशिया या चार देशांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या संरक्षणाचा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साहाय्याने राबविण्यात आला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २००० मध्ये या जातीला लाल यादीतील अतिसंकटग्रस्त गटात घातले. हजारोंची संख्या असूनही हा गट देण्याचे कारण असे की, ती संख्या जवळजवळ सर्वस्वी एकाच हिवाळी क्षेत्रावर अवलंबून आहे.

पूर्व समूह व पोयांग : पोयांग हे यांगत्से नदीस जोडलेले चीनमधील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. उन्हाळ्यातील पुरात त्याचा विस्तार ३,००० चौ. किमी.हून अधिक होतो. हिवाळ्यात पाणी ओसरून तो १,००० चौ. किमी.हूनही कमी राहतो आणि अनेक लहान उथळ तळी उघडी पडतात. या तळ्यांच्या चिखलातील व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचे कंद हे सायबेरियन क्रौंचाचे मुख्य खाद्य आहे. पूर व ओहोटी यांचे हे वार्षिक चक्रच पक्ष्याला अन्न पुरविते. १९८३ मध्ये सरोवराच्या काही भागाचे अभयारण्य झाले व १९८८ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. उपग्रहाद्वारे केलेल्या मागोव्यावरून १९९० नंतरच्या दशकात पूर्व समूहाचा मार्गही निश्चित झाला. ईशान्य चीनमधील चालुंग व मोमोगे यांसारख्या दलदलीत हे पक्षी उतरतात व पुरेसे अन्न खाऊन पुढील प्रवास करतात, असे आढळले.

या समूहाची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरीस सु. ३,००० मानली जात होती. २०२० नंतरच्या मोजणींत ती ५,००० हून अधिक भरली. यास मार्गावरील विश्रांतिस्थानांना पाणी पुरविण्याच्या व शिकार रोखण्याच्या प्रयत्नांचा हातभार लागला. संकट मात्र दूर झालेले नाही. २००३ मध्ये यांगत्सेवरील त्रि-घळई धरणात पाणी साठू लागल्यापासून नदीच्या प्रवाहाचे वेळापत्रक बदलले. पोयांगचे पाणी सरोवराच्या मुखाशी बांध घालून अडविण्याच्या योजनेवर दीर्घकाळ वाद चालू आहे. हिवाळ्यात पाण्याची पातळी उंच राहिल्यास कंद क्रौंचांच्या आवाक्याबाहेर जातील, असा पक्षिशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. २०१० च्या मोठ्या पुरात व्हॅलिस्नेरियाची वाढ खुंटली आणि त्या हिवाळ्यात क्रौंच प्रथमच मोठ्या संख्येने सरोवर सोडून जवळच्या गवताळ भूमीत व पुढे कमळाच्या व भाताच्या शेतांत चरताना आढळले. नानचांग शहराजवळ कमळकंदांची काही शेते केवळ क्रौंचांसाठी राखण्यात आली आहेत. यामुळे पक्षी वाचतात. परंतु ते माणसांच्या निकट येऊन शेतीवर अवलंबून राहू लागतात व नैसर्गिक खाद्यक्षेत्र हरवल्याचे दुःख त्याने भरून निघत नाही.

समारोप : सायबेरियन क्रौंच ही जात आज जगात टिकून आहे, पण तिचा प्रसार एका मार्गापुरता उरला आहे. मध्य समूह आता अस्तित्वात नाही, असेच मानावे लागते. भरतपूरचे उद्यान आजही हजारो बदके, करकोचे व इतर पाणपक्षी यांचा आश्रय आहे. तथापि गंभीर नदीवरील पांचना धरणाचे पाणी शेतीला की उद्यानाला, या वादात २००४ नंतरचे काही हंगाम ते जवळजवळ कोरडे राहिले व पुढे दूरवरून नाल्याने व नळाने पाणी आणण्याची व्यवस्था करावी लागली. कोणतीही पाणथळ जागा कुंपण घालून व दर्जा देऊन सुरक्षित होत नाही. तिचे पाणी, तिच्या काठचे लोक आणि तिच्याकडे येणारी दूरची वाट या सर्वांचा विचार एकत्र करावा लागतो. भरतपूरने आपल्या परीने पाणी राखले, कायदा केला, तीस वर्षे पक्षी मोजले. परंतु वाटेवरील एकेक विसावा नाहीसा होत गेल्यावर त्या पाण्याकडे येणारे कोणी उरले नाही. गोंदियातील सारस व माळरानांवर उतरणारे करकोचे यांच्या बाबतीत हा इतिहास लक्षात ठेवण्यास अद्याप वेळ आहे.